आठशे अकरा दाणे

वडसावंगी आणि मांडवखेडा मिळून एक नगरपंचायत होणार होती. नाव वडसावंगीचं लागलं, तर तिथले पुढारी भगवानरावांना काय मिळणार होतं? फाट्यावर वडिलांच्या नावाची कमान, पहिलं नगराध्यक्षपद, आणि मांडवखेड्याच्या आदिनाथला रोज त्या कमानीखालून जाताना बघायचं सुख.

नाव वडसावंगीचंच लागलं. मडक्यात दाणे टाकून मतदान झालं, त्यात नऊ दाण्यांनी. म्हणून संशय भगवानरावांवर आला, आणि हात मोडला मडक्याच्या राखणदाराचा, बजरंगचा.

"दिवस मावळायच्या आत पाल उचला म्हणलेत गाववाले," बजरंगची आई भिवराबाई परभणीत राजेश्री रासवेसमोर बसून सांगत होती. "मेंढरं घेऊन कुठं जावं, ताई? माझ्या लेकानं मडक्याला बोट लावलं न्हाई."

राजेश्री खाजगी तपास करायची. महारुद्र तिची गाडी चालवायचा. गाडी वेगात चालायची, त्याचं डोकं सावकाश.

दोन गावांमधल्या ओढ्याकाठी बजरंग पालात पडून होता. उजव्या हाताला बांबूच्या कामट्या.

"मी दोन्ही गावचा न्हाई, म्हणून राखण मला दिली," तो म्हणाला. "मडकं सोडून दोनदा उठलो. मेंढरं हरभऱ्यात शिरली म्हणून भगवानराव वरडले तवा. अन् कमलबाईंनी टोपलीत भाकर आणली, तवा हापशावर हात धुवायला."

मतदान साधं होतं. ओढ्याकाठच्या महादेवाच्या दारात कमलबाई, म्हणजे आदिनाथची बायको, यादीवर खूण करायच्या. पुजारीण बायनाबाई मतदाराची बोटं ओल्या कुंकवात बुडवायची, कुणी दोनदा येऊ नये म्हणून. मग आत एकट्यानं जाऊन त्याच बोटांनी मडक्यात दाणा टाकायचा: वडसावंगीला हरभरा, मांडवखेड्याला तूर. संध्याकाळी मडक्याचं तोंड मातीनं बंद केलं, रात्रभर बजरंगची राखण, सकाळी मोजणी.

"तोंड मी बंद केलं," भगवानराव हसले. "बांधावर चिखल थापावा तसं थापलं. बघून पोरं हसायलती."

"मोजणीला ते कसं दिसलं?" राजेश्रीनं विचारलं.

"मडकं बायनाबाईनं फोडलं. चुलीगत गुळगुळीत लिंपलंय म्हणली. मी तिकडं बघतो कशाला? माझं ध्यान दाण्यांवर. माझंच उपरणं अंथरलं होतं मोजायला." त्यांनी खांद्यावरचं पांढरंशुभ्र उपरणं झटकलं. "धुतलंही न्हाई अजून. विजयाचं हाय."

मांडवखेड्यात आदिनाथनं राजेश्री आणि महारुद्रला खुर्चीही दिली नाही. "बजरंग्या विकला गेला. न्हाईतर त्यांच्याकडून हरतोय होय आमी? पिढ्यान् पिढ्या त्यांच्या पोरी करून आणतो, आमची एक पोरगी तिकडं दिली न्हाई."

"एकूण मतं किती, हे आधी कुणाला ठाऊक होतं?"

"फक्त मला," कमलबाई आतून म्हणाल्या. "आठशे अकरा. मोजणी होईपर्यंत मालकांनाही सांगितलं न्हाई."

"ताई, भगवानरावच," गाडीत महारुद्र म्हणाला. "फायदा त्यांचा."

"फायदा त्यांचा, म्हणून तू उपरण्याकडे बघितलंच नाहीस."

दुपारी राजेश्रीनं भगवानराव, आदिनाथ आणि कमलबाई या तिघांना देवळात बसवून दार लावून घेतलं. बाहेर पायऱ्यांशी दोन्ही गावं जमली होती.

"आठशे अकरा दाणे कुंकवाच्या बोटांनी टाकलेले," ती म्हणाली. "ते पांढऱ्या उपरण्यावर ओतले, आणि उपरण्यावर लाल ठिपका नाही. म्हणजे ते दाणे मतदारांचे नव्हते. मडकंच बदललं."

"बजरंग्यानं," आदिनाथ म्हणाला.

"बदलणाऱ्यानं दाणे बरोबर आठशे अकरा भरले. बजरंगला आकडा माहीत नव्हता. भगवानरावांना नव्हता, तुम्हालाही नव्हता. चिखल थापलेलं तोंड सकाळी चुलीसारखं लिंपलेलं होतं. आणि भाकरीच्या टोपलीत मडकं मावतं." ती कमलबाईंकडे वळली. "देवाच्या नावानं टाकलेले दाणे तुम्ही फेकले नसतील."

कमलबाई उठल्या. मागच्या दारानं घरी जाऊन देवघरातलं मडकं घेऊन आल्या.

"लग्नात माझं नाव बदललं," त्या म्हणाल्या. "माहेराचं तरी राहावं वाटलं. बाकीच्या सुना नवऱ्याच्या धाकानं तूर टाकतील, असं वाटलं मला. नऊचाच फरक ठेवला, कुणाला शंका येऊ नये म्हणून."

महारुद्रनं दाणे मोजले. त्याची बोटं लाल झाली. तूर तीनशे चाळीस. हरभरा चारशे एकाहत्तर.

"तुमच्या गावानं त्यांच्या पोरी आणल्या, आदिनाथराव," राजेश्री म्हणाली. "त्या माहेरासाठी मत टाकून गेल्या. कमलबाईंनी काही केलं नसतं, तरी नाव हेच लागलं असतं."



"नाव तर आमचंच ऱ्हायलं," भगवानराव हळूच म्हणाले. "मग हे मडकं बाहेर कशाला?"

"माझ्या घरातलं घरात ऱ्हाऊ द्या," आदिनाथ म्हणाला.

नव्या शहराचा हा पहिला ठराव, एकमतानं. आदिनाथनं मडकं उचलून मागच्या दारानं ओढ्यात रिकामं केलं.

राजेश्रीनं दार उघडलं. पायऱ्यांवर उभं राहून तिनं मडक्याची गोष्ट सगळी सांगितली.

"दाणे कुठायत?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"दाणे गेले, आणि आत होते ते तिघं बोलणार नाहीत. पण मांडवखेड्याच्या ज्या सुनांनी हरभरा टाकला, त्यांच्यातल्या एकीनं हात वर करावा. मांडवखेडा बजरंगमुळे हरलं नाही हे कळायला एकच पुरे. बजरंगचं पाल उठणार नाही."

बायकांनी आपापल्या नवऱ्यांकडे बघितलं, मग जमिनीकडे. कमलबाईंनी पदर पुढे ओढला. भिवराबाई एकेक चेहरा बघत शेवटपर्यंत गेली आणि परत आली.

दिवस मावळायच्या आत पाल उठलं.

वडसावंगीला नाव मिळालं. भगवानरावांना कमान. आदिनाथला घरची अब्रू. कमलबाईंना माहेर, आणि हात खाली ठेवलेल्या साऱ्या जणींनाही तेच. किंमत भरली एकट्या बजरंगनं. त्या उजव्या हातानं त्याला पुन्हा कधी मेंढी कातरता आली नाही.