दहावी उत्पादक

गुरुवार, २८ नोव्हेंबर २०२४. सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. बोदलकशाजवळच्या गावातील समाजमंदिरात उत्पादक जमले होते नऊ. हवे होते दहा.

हेमराज पटले यांनी पुन्हा मोजले. नऊच. तंत्रनिकेतनात यंत्रशास्त्र शिकवून निवृत्त झालेला हा गृहस्थ मोजल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवीत नसे. शिंगाड्याच्या पिठाची गिरणी कोणत्या स्वरूपात उभारायची, यावर दोन बैठका खल झाला होता. अखेर ठरली उत्पादक कंपनी. तिला निदान दहा उत्पादक लागतात आणि भाग कितीही असोत, मत प्रत्येकाला एकच मिळते. डिजिटल सहीसाठी आज प्रत्येकाने फोनच्या कॅमेऱ्यासमोर आपली ओळख द्यायची होती.

नव्हती ती धनवंता. मागच्या बैठकीत सर्वांत आधी हात वर करणारी तीच. तिने एक प्रश्नही विचारला होता, "सर, शिंगाडे मी लावते, मी तोडते. पन तलावाचा ठेका देवराच्या नावानं. मंग उत्पादक कोन?" हेमराजांनी चौकशी करून परवाच उत्तर पाठवले होते, तिचा दीर पतिराम याच्याजवळ, तोंडी.

"पतिराम, वहिनी कुठे आहे?"

"सौंदडले गेली, माहेरी. पहाटेच निघाली."

"का बरे?"

"मले सांगून जाते का ती?" पतिराम जमिनीकडे पाहत म्हणाला.

मागच्या बाकावर ओमेश्वर बिसेन हसला. तो त्या नऊ जणांतला नव्हता; गिरणीची जागा त्याची, ट्रॅक्टर त्याचा. "नऊच झाले नं सर? मंग सोडा ते कंपनीचं. माह्या भागीदारीत या. भांडवल माहं, शब्दही माहाच!"

दहा भरले नाहीत, तर फायदा याचा. हेमराजांनी ते ध्यानात ठेवले. निष्कर्ष काढला नाही.

इतक्यात पतिरामची बायको दुर्गेश्वरी आत आली. अंगावर नवी साडी, हातात आधार कार्ड आणि फोटो.

"एक कमी पडून राहिला म्हनते. माहं नाव टाका, सर."

"फोटो छान आलेत, ताई. केव्हा काढलेत?"

"काल, तिरोड्याले."

हेमराज उठले. "धनवंताबाईंचे घर पाहून येतो. कोणी जाऊ नका."

घराला कुलूप नव्हते, नुसती कडी. त्यांनी तिचा नंबर लावला. फोन आतच वाजला. पडवीतील खुंटी रिकामी होती. शिंगाडे तोडताना पाण्यावर तरंगायला हवा भरलेली ट्रॅक्टरची ट्यूब लागते. धनवंताची ट्यूब त्या खुंटीला असे.

परतल्यावर त्यांनी ओमेश्वरला बाजूला घेतले.

"तुम्ही तिला काही बोललात?"

"बोलाचं असतं, तर चारचौघांत बोललो असतो. मी लोभी आहो सर, चोर नाही."

"मग मोटारसायकल काढा. तलावाच्या पलीकडच्या काठाला जा. ती पाण्यात असेल."

ओमेश्वर गेला. हेमराज खोलीच्या मधोमध उभे राहिले.

"सर्वांनी हात पुढे करा."

नऊही जणांची बोटे शिंगाड्याच्या काट्यांनी टोचलेली, सालींच्या रसाने काळवंडलेली. पतिरामचीही. दुर्गेश्वरीचा तळवा स्वच्छ होता. एका बोटावर तेवढे सुईचे टोचे.

"मी तर शिलाई करते," ती नवऱ्याकडे पाहत गोंधळून म्हणाली. "पानी पाहूनच मले चक्कर येते. यायनं सांगतलं, फोटो काढून ठेव, उद्या कामी पडन."

"सांगितले काल. आणि धनवंता नाहीशी झाली आज पहाटे," हेमराज शांतपणे म्हणाले. "जागा रिकामी होणार, हे पतिरामला आदल्या दिवशीच ठाऊक होते. माहेरी जाणारी बाई फोन घरी ठेवून ट्यूब घेऊन निघत नाही. ती रोजच्या कामाला गेली आहे. तिला कोणी पळवले नाही. तिला बैठकीतून वगळले. पतिराम, माझा निरोप काय होता?"

पतिराम पुटपुटला, "उत्पादक म्हंजे जो पिकवते तो. ठेका कोनाचाही असो."

"आणि तू काय सांगितलेस?"

उत्तर दारातून आले. ओमेश्वरबरोबर आलेली धनवंता उभी होती. साडीतून पाणी ठिबकत होते.

"सर, तुमीच म्हनलं नं, मी उत्पादक नाही म्हून? मंग येऊन करू काय?"

हेमराजांचा चेहरा उतरला. तिचे घर वाटेवरच होते. तरीही तिच्या हक्काचे उत्तर त्यांनी दुसऱ्याच्या हाती दिले होते. "चूक माझीही आहे, बाई. मी स्वतः यायला हवे होते."

"काऊन केलं रे?" तिने दिराला विचारले.

पतिराम भिंतीला टेकून खाली बसला. "दादा गेल्यापासून गाव म्हनते, पतिराम भावजयीले पोसते. मीही हो म्हनत गेलो. आज तू साऱ्यांसमोर म्हनली असती, मी पिकवते. मंग मी कोन राहिलो, वयनी? दोन राती झोप नाही मले."

"काढा याले बाहेर!" कोणीतरी ओरडले. दुर्गेश्वरीने हातातले फोटो चुपचाप पदरात बांधले.

"काढता येईल," हेमराज म्हणाले. "पण मग पुन्हा नऊच उरतील आणि कंपनी होणार नाही. हे ठरवणे माझे काम नाही."

सगळे धनवंताकडे पाहू लागले. ओमेश्वरसुद्धा. तिने पदर पिळला, पतिरामच्या काळ्या बोटांकडे बराच वेळ पाहिले.

"बसू द्या त्याले. पिकवते तर तोही. पन पहिली मी बोलीन, आन तो समोर बसून आयकन."

हेमराजांनी फोन तिच्यासमोर धरला.

"मी धनवंता. शिंगाडे मी पिकवते."

सर्वांत शेवटी पतिराम उठला. आपले नाव सांगताना त्याची मान खालीच होती.

सभासद दहा. मते दहा.