कॅमेऱ्यात बाहेर पडलेला माणूस

गच्चीवर पाण्याच्या टाकीला पाठ टेकून आम्ही तिघं भांडत होतो. 'सातवी बॅच'चा शेवटचा भाग नुकताच मोबाइलवर बघून संपवला होता. एका श्रीमंत बाईच्या पेशीपासून कारखान्यात अकरा बायका वाढवलेल्या असतात. चेहरा, आवाज, सगळं तिचंच. तिच्या वाटचे धोके या अकराजणींनी घ्यायचे. शेवटच्या भागात त्यांतली एक पळून येते, मूळ बाईला तळघरात कोंडते आणि तिच्या ताटावर जेवायला बसते.

"आणि सख्ख्या आईला पत्ता नाही? बंडल मारतात यार," अल्पेश म्हणाला. त्याचं उल्हासनगरात मोबाइलच्या सुट्या भागांचं दुकान आहे. "मी डिस्प्ले नुसता हातात घेतला तरी सांगतो, ओरिजनल की डुप्लिकेट."

"आईला कळलं होतं," नेत्रा म्हणाली. "वाढताना तिचा हात थांबतो, बघितलं नाहीस?"

"मग बोलली का नाही?"

"ही तिच्याशी नीट बोलली म्हणून. पहिली कधी बोलायची?"

मी दोघांवर तुटून पडलो. आईला कळलं की नाही हा मुद्दाच नव्हता. ज्याच्याकडून आपण मरणाचं काम करून घेतो आणि ज्याला साधं नावही देत नाही, त्याने उद्या आपलाच चेहरा काढून घेतला, तर त्याला गुन्हेगार म्हणायचा हक्क आपल्याला कुणी दिला? हा सूड नाही, हा न्याय आहे, असं मी हात हलवून ओरडत होतो.

"हळू. खाली माणसं झोपलीत."

भीमराव काका वॉल्व बंद करायला वर आले होते. अंबरनाथ एमआयडीसीत ऑपरेटर म्हणून उभी हयात काढलेला माणूस. वॉल्व आवळून झाला तरी ते खाली गेले नाहीत.

"दुसऱ्याचा चेहरा घ्यायला पेशी कशाला वाढवाव्या लागतात? एक कानटोपी पुरते."

"काका, स्टोरी है क्या?" अल्पेशने विचारलं.

"स्टोरी नाही रे. झालेलं आहे. माझा साडू नरेंद्र ज्या गेटवर वॉचमन होता तिथलं. आणि आधीच सांगतो, माझ्या घरात भुताखेताला जागा नाही. नरेंद्रच्याही नाही. म्हणून तर तो हे मला एकदाच बोलला, आणि नोकरी सोडली."

त्यांनी मोडकी खुर्ची ओढली आणि बसले.

मुकेशला वांगणीला एक डबा पोचवायचा होता. बस, एवढंच काम. गेल्या वर्षीची गोष्ट, संक्रांतीच्या पुढचा आठवडा. मुकेश म्हणजे विनीत ठेकेदाराचा उजवा हात. कंपनीत ठेक्याची माणसं लावायची, उठवायची, तोच बघायचा. डबा होता सुदामचा. सुदाम ठेक्यावर टाक्या साफ करायचा. आदल्या पहाटे चिखलोलीच्या रस्त्याकडेला त्याचं प्रेत सापडलं होतं. पोलीस म्हणाले, गाडीने उडवलं. कंपनी म्हणाली, आमच्याकडून तर तो रात्री तीनला, अंगात ताप आहे म्हणून चालत गेला, हा बघा कॅमेरा. कॅमेऱ्यात सगळं दिसत होतं. कानटोपी, मफलर, खाकी स्वेटर, हातात डब्याची पिशवी. डावा पाय जरा ओढत चालायची त्याची सवय. गेटवर कपाळाला हात लावून नरेंद्रला सलाम, तोही नेहमीचा.

तर मुकेश वांगणीला गेला. घरात माणसं बसलेली. सुदामची बायको जनी भिंतीला टेकून होती. मुकेशने डबा तिच्या हातात दिला.

"कँटीनमध्ये राहिला होता, वहिनी."

जनीने झाकण उघडलं. आत तिळगुळाचे लाडू.

मुकेशची आई साधी बाई. पोराच्या गाडीला कुणाचा तरी डबा लटकलेला दिसला. तिने आतलं अन्न काढलं, डबा घासला. दुसऱ्याचं भांडं रिकामं कसं परत द्यायचं? सणाचे दिवस, लाडू घरात होतेच, ठेवले. डबा कोणत्या घरी चाललाय हे तिला काय माहीत! आणि मुकेशने उघडून बघितला नाही.

सुतकाच्या घरात तिळगूळ... बायका कुजबुजायला लागल्या. जनी लाडवांकडे बघतच नव्हती. ती झाकणाकडे बघत होती.

"डबा कोनी घासला?"

"आईने."

"त्यानं कवा डबा घासला नाय. मिरची खायाचा नि देठ झाकनात ठेवायचा. ते दिसलं का मी समजायची, भाकर खाल्ली." मग तिने मान वर केली. "तुझ्या आयेनं घासला तवा डबा भरलेला व्हता का रिकामा?"

मुकेश दाराकडे बघायला लागला.

"बाराला जेवायचा तो. तीनला निघाला म्हनता. मंग जेवला का नाय?"

मुकेश उठला. पायात दुसऱ्याच कुणाची चप्पल घालून निघून गेला.

"म्हणजे कॅमेऱ्यातला तो..." अल्पेशने मध्येच विचारलं.

"मुकेश होता," काका म्हणाले.

सुदाम टाकीतच गेला होता, जेवायच्या सुट्टीआधी. आतला वायू न तपासता उतरवला होता. वर दोर धरायला माणूस नाही. विनीत धावत आला आणि म्हणाला, आत मेला असं झालं तर ठेका गेला, आपण दोघंही गेलो. अंगकाठीने मुकेश सुदामसारखाच. शिवाय मुकेश मंडळाच्या कार्यक्रमात नकला करायचा. सुदामच्या चालीची नक्कल करून त्याने पोरांना कितीदा हसवलं होतं. सुदामदेखील हसायचा. त्या रात्री मुकेशने सुदामचे कपडे चढवले, पाय ओढला, सलाम ठोकला आणि गेटबाहेर पडला. मागून ड्रमांचा टेम्पो आला, ड्रमांआड सुदामचं प्रेत. नाल्याच्या वळणावर कपडे परत ज्याचे त्याच्या अंगावर. फक्त डबा मुकेशच्या गाडीला राहिला.

जनी गप्प बसली नाही. पोलीस चौकी, कामगार ऑफिस, कंपनीचं गेट, रोज एक उंबरठा. "माझा मानूस तुमच्या आत मेला, एवढं बोला." सगळीकडे एकच उत्तर. बाई, कॅमेरा खोटं बोलत नाही.

त्या भानगडीनंतर कंपनीने गेटवर चेहरा ओळखायचं मशीन बसवलं. समोर उभं राहायचं, हिरवा दिवा लागला की आत जायचं, निघतानाही तसंच. एका संध्याकाळी मुकेश उभा राहिला, तर लाल दिवा. मशीन म्हणतं, हा माणूस आधीच आत आहे. पोरं हसली. "भाई, तुझा डुप्लिकेट आला काय?" मुकेशपण हसला.

घरी गेला. हातपाय धुऊन ताटावर बसला. आई बघतच राहिली.

"आत्ताच तर जेवून उठलास."

मोरीत खरकटं ताट होतं.

"आणि काय रे," आई म्हणाली, "पाय का ओढत होतास?"

काका थांबले. नेत्राने माझ्याकडे बघितलं.

बुधवार. एकोणतीस जानेवारी. पौषातली अमावास्या, आणि सुदामचा दहावाही त्याच दिवशी. दिवेलागणीला जनी गेटवर आली. एकटी. हातात तोच डबा.

"भाऊ, नदीवर ठेवलेलं त्याला नाय पोचायचं. तो बाराला जेवतो, हितं. ठेवा एवढं."

नरेंद्र असल्या गोष्टी मानत नाही. पण त्या बाईला नाही म्हणवेना. त्याने डबा केबिनच्या खिडकीत ठेवला.

साडेअकराला मुकेश आला. मशीनसमोर उभा राहिला. लाल. पुन्हा उभा राहिला. लाल. आधीच आत आहे... आधीच आत आहे...

तो केबिनमध्ये येऊन खाली बसला आणि सगळं ओकला. टाकी, कपडे, टेम्पो, सगळं. ज्याला नरेंद्रने उलटा सलाम केला होता, तो सुदाम नव्हताच.

"ऊठ," नरेंद्र म्हणाला. "आत्ताच्या आत्ता चौकीवर चल. मी येतो बरोबर."

"उद्या."

"त्या बाईला जाऊन सांग तरी."

"उद्या म्हटलं ना!"

मग मुकेशचं लक्ष काचेबाहेर गेलं. टाक्यांच्या शेडकडे. त्या शेडला त्या रात्री काम नव्हतं. तरी दिवा चालू होता. दिव्याखाली कुणीतरी पाठमोरं उभं होतं.

मुकेशचं जाकीट. मुकेशचे केस.

"माझं तोंड घेऊन फिरतोय साला." मुकेशने कोपऱ्यातली सळई उचलली. "जिवंतपणी याची नक्कल करून सगळ्यांना हसवलं. आता हा माझी करतो काय! आज सोडत नाही."

"मुकेश, जाऊ नको."

तो गेला. धावत.

नरेंद्रने दोघांना बघितलं. एक उभा. एक धावत जाणारा. मग शेडचा दिवा गेला.

काही आवाज नाही.

ओरडणं नाही... सळई पडल्याचा आवाज नाही...

बाराचा भोंगा वाजला.

मुकेश बाहेर आला.

शांत. हातात सळई नाही. मशीनसमोर उभा राहिला.

हिरवा दिवा.

"कोण होतं रे?" नरेंद्रने विचारलं.

तो केबिनच्या खिडकीपाशी आला.

त्याने खिडकीतला डबा उचलला. न बघता. रोजचा असल्यासारखा.

"अरे, तो डबा..."

त्याने कपाळाला हात लावला.

आणि निघाला. रस्त्यावरच्या दिव्यापर्यंत दिसला. डावा पाय... ओढत.

काकांनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं आणि पुन्हा घडी घालून ठेवला. खालच्या रस्त्यावरून शिफ्टवाल्यांची एक रिक्षा गेली.

मुकेश घरी आला नाही. आई पोलिसात गेली. विनीत म्हणाला, पळाला असेल कुठेतरी. नरेंद्रने पोलिसांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, ज्याने तुला सांगितलं त्याला हजर कर, आणि तो तर बाराला गेटबाहेर पडलेला दिसतोय. कॅमेऱ्यात आहे, मशीनमध्ये आहे. मग आत कोण शोधणार? कुणीच शोधलं नाही. सगळे कर्जत, कसाऱ्यापर्यंत शोधत राहिले.

शेडचं काम पुन्हा सुरू करायचं म्हणून टाकी उघडली, तेव्हा सापडला. त्याच टाकीत. सळई मुठीत तशीच. डॉक्टर म्हणाले, अमावास्येच्या रात्रीच गेलाय.

जनी कंपनीच्या साहेबासमोर जाऊन उभी राहिली. रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "ह्यो आत मेला, नि तुमच्या कॅमेऱ्यात बाहेर गेला. मंग माझा?"

कॅमेरा खोटं बोलत नाही, हे साहेब आता कोणत्या तोंडाने बोलणार? नरेंद्रचा जबाब पुन्हा घेतला. टेम्पोवाल्याला आणला, तो पहिल्या दमातच फुटला. सुदाम कंपनीत मेला, असं सरकारी कागदावर आलं. विनीतला उचलला, तो अजून आतच आहे. वकील जामिनाचं बोलायला गेला की रडतो म्हणे. म्हणतो, सोडू नका. गेटबाहेर कोण पडेल ते मला माहीत नाही.

"मग झाला ना न्याय, काका!" माझा आवाज पुन्हा चढला होता. "जे कुणीच केलं नाही ते सुदामने केलं. त्यांच्याच युक्तीने त्यांना मारलं!"

काकांनी माझ्याकडे बघितलं.

"हे मुकेशच्या आईसमोर बोलशील? त्या संध्याकाळी तिने ज्याला पोटभर वाढलं तो कोण होता, हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही. ती म्हणते, शेवटी शेवटी पोरगं फार मायेनं जेवलं."

अल्पेशने हातातला मोबाइल बंद करून मध्ये ठेवला. काळ्या काचेत आमचेच चेहरे दिसत होते.

काका उठले. जिन्याच्या दारापाशी पोचले तेव्हा नेत्राने विचारलं, "काका... आणि डबा?"

ते वळले नाहीत.

"अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, उजाडायच्या आत, जनीने दार उघडलं. तेव्हा मुकेश मेलाय हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. डबा उंबऱ्यावर होता. रिकामा. न घासलेला."

एक पायरी उतरून ते थांबले.

"आणि झाकणात मिरचीचा देठ."