टेबलावरचा तिसरा हात

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण मध्येच कुणी हसायचं नाही. हे माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत झालंय. ऐकीव नाही. शेवटचा भाग तर माझ्या डोळ्यांसमोर झालाय.

आणि आधीच सांगतो, रात्र नव्हती. लाईट गेले नव्हते. कुत्रं रडत नव्हतं.

रविवार होता. दुपारचे अडीच. बाहेर टळटळीत ऊन.

माझी ही ताई एका दवाखान्यात एक्स-रे काढते. चौथ्या मजल्यावर एकटी राहते. एक नंबरची खडूस! पत्त्यांत लबाडी केली तर लहानपणी मला अर्धा तास भिंतीकडे तोंड करून उभं करायची. असा स्वभाव, मग शनिवार-रविवारी ती काय करणार? पंचगिरी! ऑनलाइन गेमच्या स्पर्धांमध्ये.

गेमचं नाव नाही सांगत, तुम्ही लगेच शोधायला जाल. फौज बांधायची, नकाशावरच्या धुक्यातून पुढे सरकायचं, समोरच्याचा गड घ्यायचा, एवढं समजलं तरी पुरे. एका चालीला तीन मिनिटं.

पण त्यांचे नियम लई कडक. सामना सुरू व्हायच्या आधी खेळाडूने कॅमेरा फिरवून सगळी खोली दाखवायची. दाराला आतून कडी घालायची. मग कॅमेरा टेबलाच्या वर अडकवायचा, तोंड खाली. चेहरा दिसला नाही तरी चालेल, हात दिसले पाहिजेत, पंचाला आणि समोरच्या खेळाडूलाही.

दोन हात.

खोलीत दुसरं माणूस असेल तर खेळाडू बाद. पंचालाही तोच नियम. गेल्या वर्षी एक पंच शेजारी मित्राला बसवून निकाल देत होता, तेव्हापासून पंचाच्या हातांवरही कॅमेरा.

तर शनिवारी सेमीफायनल होती. एका बाजूला 'शेट'. सगळा नकाशा बापाच्या नावावर असल्यासारखा खेळतो, म्हणून शेट. दुसऱ्या बाजूला 'कासव'. प्रत्येक चालीला पूर्ण तीन मिनिटं घेणार, एक सेकंद कमी नाही. हा कासव दिवसभर लिफ्ट दुरुस्त करतो आणि संध्याकाळी खेळतो. चार वर्षांत पहिल्यांदाच इथवर पोचला होता.

कासव पुढे होता.

आणि मध्येच ताईला शेटचा मेसेज. "पंचबाई, ह्याच्या टेबलावर तीन हात आहेत."

ताई म्हणाली, "हरायला लागलास की समोरच्याला हात फुटतात का रे?"

"बघा तर खरं! टकटक करून इशारे देतोय कोणीतरी."

ताईने कासवचा कॅमेरा मोठा केला.

एक हात माऊसवर. एक कीबोर्डवर.

आणि टेबलाच्या डाव्या कडेला... एक पालथा हात. उजवा. पांढरी बाही, मनगटाशी बटण लावलेलं.

गप्प पडलेला.

मग त्याचं एक बोट उचललं गेलं.

टक... टक.

ताईने सामना थांबवला. मागची सहा मिनिटं पाहिली. हात होता. बास. दुसरी सेमीफायनल खोळंबली होती, तिला घाई होती. नियमाप्रमाणे कासव बाद. दोन वर्षं बंदी. आणि फसवणूक करणाऱ्यांच्या यादीत नाव, जी यादी जगाला दिसते.

कासवने भांडण नाही केलं. एवढंच लिहिलं, "पंचताई, मी घरात एकटाच असतो. टकटक मलाही ऐकू येते. पण दिसत काही नाही."

ताईला वाटलं, काय थापा मारतोय!

रात्री त्याचं अपील आलं. त्यात शेवटची ओळ होती, "आई म्हणते मी टाईमपास करतो. काल पहिल्यांदाच तिने गावाहून फोन करून विचारलं, फायनल कितीला आहे. आता तिला काय सांगू?"

अपील आलं की त्याच पंचाने खेळाडूला समोर घेऊन ते ऐकायचं, असा नियम. आणि ऐकण्याआधी पूर्ण सामना पाहायचा.

पूर्ण. सहा मिनिटं नाही.

रविवारी सकाळी ताई बसली. दोन तास दहा मिनिटांचा सामना. चहा गार झाला, हिचं लक्ष नाही. टकटक किती वेळा झाली ते तिने कागदावर रेघा मारून मोजलं. एकोणीस वेळा.

आणि एकोणीसच्या एकोणीस वेळा टकटक झाल्यावर कासव दचकला होता. चाल चुकला होता.

एकदाही फायदा नाही! उलट नुकसान. तरी पठ्ठ्या पुढे होता.

ताईने पेन खाली ठेवलं. आपण गरिबाचं वाटोळं केलं. मदत करणारा माणूस असं हरवायला बघेल का?

पण मग तो हात कुणाचा?

तिने चित्र थांबवून हात मोठा केला. एक्स-रेवाली बाई ती, दिवसाला पन्नास हात बघते. करंगळी कधीतरी मोडलेली होती आणि वाकडीच जुळली होती. खरा हात. हाडामांसाचा.

मग तिने टेबलाची डावी कड पाहिली.

टेबल भिंतीला चिकटून होतं.

डावीकडे माणूस बसायला जागाच नव्हती...

अडीच वाजले. ताईने स्वतःची खोली दाखवली, कडी घातली, कॅमेरा हातांवर लावला. कासव समोर आला. म्हणजे त्याचा आवाज आला. बारीक, घसा बसलेला.

"नमस्कार पंचताई."

"खोली दाखव. सावकाश."

त्याने कॅमेरा काढून हातात घेतला. एक भिंत. दुसरी भिंत. कपाट, उघडून दाखवलं, आत चार शर्ट. एकही पांढरा नाही. दार, आतून कडी. पलंगाखाली एक सुटकेस. टेबलाखाली त्याच्या चपला.

एकच खुर्ची. कोणी नाही. चिटपाखरू नाही.

"झालं?"

"झालं. कॅमेरा लाव."

कॅमेरा परत टेबलाच्या वर अडकला. चित्र हललं... स्थिर झालं.

कासवने दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. नखं पार कुरतडलेली.

आणि डावीकडे, भिंतीतून... पांढरी बाही.

ताई पडद्याजवळ वाकली.

"पंचताई?"

तो हात हळूच सरकला. जवळ. आणखी जवळ. कासवच्या डाव्या हाताच्या शेजारी येऊन पडला. दोन्हींत एका बोटाचं अंतर.

टक... टक.

"ऐकलंत ना?" कासव म्हणाला. "आता वाजलं. बोला ना, पंचताई. तुम्ही गप्प झालात की मला भीती वाटते."

ताईने चित्र मोठं केलं. परत कासवचाच आवाज.

"किती दिसतायत?"

"काय?"

"हात. माझ्या टेबलावर. किती दिसतायत? मला दोनच दिसतात. तीन आठवडे झाले, मी झोपलो नाहीये. तुम्ही सांगाल ते मी मान्य करीन. बंदी पण मान्य. पण खरं सांगा, किती आहेत?"

आता ऐका. माझी ताई. पत्त्यांत लबाडी केली म्हणून सात वर्षांच्या पोराला भिंतीकडे उभं करणारी. आयुष्यात एक खोटा निकाल दिला नव्हता तिने.

खरं बोलावं, तर हा माणूस आज रात्री त्या खोलीत झोपणार कसा? खोटं बोलावं, तर ती पंच कसली?

तिने त्याची कुरतडलेली नखं पाहिली. आपण घाईत मारलेला शिक्का आठवला. त्याची आई आठवली, जिला तिने कधी पाहिलंही नव्हतं.

"दोन," ताई म्हणाली. "दोनच आहेत रे बाबा. काल कॅमेऱ्यात काहीतरी गडबड होती. माझी चूक झाली. बंदी रद्द. सामना थांबला तेव्हा तूच पुढे होतास, पाच वाजता फायनल खेळ."

कासवने एवढा मोठा श्वास सोडला की माईकमध्ये वारं सुटल्यासारखं वाटलं.

आणि तो हात... मागे सरकला. बोटं गेली. मनगट गेलं. बटण गेलं. भिंतीत.

टेबलावर खरंच दोनच हात राहिले.

ताईने डोळे मिटले. सुटले, असं वाटलं तिला.

तेवढ्यात...

टक... टक.

कासवकडून नाही.

तिच्या टेबलावर. डावीकडे.

तिच्या डावीकडे खिडकी आहे. चौथा मजला, मघाशी सांगितलं ना.

तिने पाहिलं. काही नव्हतं. खिडकी बंद. टेबलावर तिचे दोन हात, पेन आणि रेघा मारलेला कागद.

टक... टक.

संध्याकाळी कासवने फायनल मारली. ह्याचं नाव फसव्यांच्या यादीत होतं म्हणून शेट बोंबलत बसला, पण जिंकला तो जिंकला. सात वाजता ताईला त्याचा मेसेज आला.

"थँक्यू, पंचताई. आवाज बंद झाला. आई रडली. आणि सॉरी. मलाही एकाने असंच विचारलं होतं. माझ्या आधी ह्या खोलीत राहायचा तो. मला तीन दिसत होते. मीही दोनच म्हणालो होतो."

ताईने फोन लावला. बंद. आजतागायत बंद.

दुसऱ्या दिवशी मुख्य पंचांचा फोन. हे म्हणजे एक रिटायर्ड मास्तर, चाळीस वर्षं परीक्षेत कॉप्या पकडण्यात गेलेली. सगळे त्यांना 'सर' म्हणतात. अपिलाचं रेकॉर्डिंग तेच तपासतात, दोन्ही बाजूंचं.

"निकाल बरोबर आहे तुझा," सर म्हणाले. "त्याच्या टेबलावर सगळा वेळ दोनच हात आहेत. पण मला एक सांग, तुझ्या शेजारी कोण बसलं होतं?"

"कोणी नाही सर."

"अगं, मला दिसतंय ना! तीन हात आहेत तुझ्या टेबलावर. शेवटच्या मिनिटाला आलाय. पोरांना एक नियम आणि आपल्याला दुसरा, असं चालतं का?"

"सर, खरंच तीन दिसतायत?"

"तीन म्हणजे तीन! मला मोजता येतं."

ताईला पंचांच्या मंडळातून काढलं. सर आजही ठणठणीत आहेत, रोज फिरायला जातात. त्यांना काही म्हणजे काही झालं नाही.

का नाही झालं, ते मला फार उशिरा कळलं.

आठवड्याने मावशीचा फोन आला. "अरे, ताईकडे जाऊन ये जरा. जेवत नाही, कामावर जात नाही, फोनवर धड बोलत नाही. तुझं तरी ऐकेल."

मी गेलो. अशीच दुपार. ताई पलंगावर बसलेली, हात दोन्ही काखेत दाबून. डोळे खोल गेलेले. टेबलावर चादर टाकलेली, जसं काही मेलेलं झाकलंय. मी बडबड्या माणूस, म्हटलं, "काय गं, पंचबाईंनाच भिंतीकडे उभं केलं का?"

हसली नाही.

सगळं सांगितलं तिने. आत्ता तुम्हाला सांगितलं तसंच, क्रमाने. फक्त कासवचा तो मेसेज सोडून. तो मी नंतर तिच्या फोनवर वाचला.

मग तिने लॅपटॉप माझ्या मांडीवर ठेवला.

"मला दोनच दिसतात," ती म्हणाली. "सर म्हणतात तीन. तू माझ्याशी कधी खोटं बोलला नाहीस. तू फक्त मोज."

रेकॉर्डिंग सुरू झालं. ताईचं टेबल. पेन. कागद. ताईचे दोन हात, तिच्या बारीक बांगडीसकट.

आणि खिडकीकडून... पांढरी बाही. बटण लावलेलं.

वाकडी करंगळी.

मी मान वर केली नाही, कारण ताई माझ्या तोंडाकडे बघत होती. मला तिचा श्वास ऐकू येत होता.

आणि चादरीखाली, टेबलावर...

टक... टक.

"किती दिसतायत?" ताई म्हणाली. अगदी हळू. लहान मुलीसारखी.

तुम्ही काय म्हणाला असता?

"दोन," मी म्हटलं. "दोनच आहेत गं. सरांचा चष्मा बदलायला झालाय."

ताई रडली. पोटभर रडली. मग उठून तोंड धुतलं, दोन ताटं वाढली, आणि माझ्या ताटातलं पण संपवलं. मावशीला फोन करून म्हणाली, मी बरी आहे. चार वाजता झोपली ती दुसऱ्या दिवशी सकाळीच उठली. आता कामावर जाते. परवा मला पत्त्यांत हरवलंन् आणि वर टोमणेही मारले.

ती बरी आहे. मला तेवढंच हवं होतं. खरंच.

माझ्या घरी माझ्या टेबलाच्या डावीकडे कपाट आहे, अगदी चिकटून. मधे वहीसुद्धा जाणार नाही.

मी मोजतो. रोज मोजतो. मला दोनच दिसतात.

पण काल मी ग्रुपवर टकटकीचं लिहिलं, तेव्हा तुमच्यापैकी एकजण म्हणाला ना, एवढं आहे तर टेबलाचा फोटो टाक, आम्ही बघून सांगतो?

नाही टाकणार.

घाबरतो म्हणून नाही. फोटो काढलाय मी. फोनमध्ये आहे. तीनदा पाठवायला घेतला आणि तीनदा ठेवून दिला.

कारण मी तुम्हाला ओळखतो. माझा आवाज ऐकाल, माझे डोळे बघाल, आणि तुम्हाला माझी दया येईल.

तुम्ही 'दोन'च म्हणाल.