ताटलीतले पेढे

कुशल पहिल्यांदा दिसला तो हातात रिकामी ताटली घेऊन.

हॅमिल्टनच्या धक्क्यावर, वायकाटो नदीच्या बोटीत चढताना. स्टीलची ताटली, तिच्यावर चमचासुद्धा! सहल ठरवणाऱ्या कांचननं मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं होतं, ‘एव्हरीवन, ब्रिंग अ प्लेट’. न्यूझीलंडमध्ये त्याचा अर्थ घरून काहीतरी खायला करून आणा, हे कोल्हापूरहून येऊन जेमतेम तीन आठवडे झालेल्या इंजिनिअरला कोण सांगणार? अख्खी बोट हसली. बिचारा कानापर्यंत लाल झाला.

“धुऊन तरी आणलीय ना?” अबोलीनं विचारलं.

“दोनदा. तुमच्यासमोर तिसऱ्यांदा धुतो, हवं तर.”

“नको. आणा इकडं.”

तिनं त्या ताटलीत दोन थालीपिठं वाढली. झालं! त्या दोन थालीपिठांनी पोरीचं वाटोळं केलं. नदीच्या दोन्ही काठांना विलोची झाडं वाकली होती, कप्तान माइकवरून पुलांची नावं सांगत होता, आणि अबोलीला त्यातलं एकही नाव पुढे आठवलं नाही. आठवलं ते एवढंच, की तो थालीपीठ खाताना डोळे मिटायचा.

ताटली चुकून तिच्या पिशवीतून मनुरेवाला, तिच्या घरी आली. कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही, काहीच नसेल तर चिमूटभर साखर तरी घालायची, ही अबोलीच्या आईची शिस्त. सात वर्षांच्या अबोलीला घेऊन ती पुण्याहून निघाली, तेव्हा ही शिस्तही सामानाबरोबर आली होती. अबोलीनं परसातल्या झाडाचे फिजोआ, पेरूसारखी ती हिरवी फळं, भरून ताटली कुशलला दिली. त्यानं करपलेला शिरा भरून ती पुन्हा तिलाच दिली.

“हा काय प्रकार आहे?”

“शिरा. म्हणजे... निघाला होता तो शिरा व्हायलाच.”

“आणि मी हा खायचा?”

“तू फार्मसिस्ट आहेस. औषध तुझ्याकडेच असेल ना!”

असं आठ महिने चाललं. तिच्या मनुरेवाहून त्याच्या बॉटनी डाउन्सला, बॉटनी डाउन्सहून मनुरेवाला. कधी पोहे, कधी वड्या, कधी नुसतीच चार द्राक्षं. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, दोघांनाही सांगता आलं नसतं.

सप्टेंबरात एका शनिवारी, बॉटनीच्या मॉलबाहेर पाऊस धो धो कोसळत असताना, गाडीच्या काचेवर बोट फिरवत तो म्हणाला, “मला ख्राइस्टचर्चला नोकरी मिळतेय. पण मला एकट्यानं जायचं नाहीये. अबोली, तू... म्हणजे आपण... कायमचं?”

तिच्या ओठांतून एकच शब्द निघाला.

“बघू.”

मग ती खरंच बघायला लागली. आईला सांगितलं. बाबा चार दिवस बोलले नाहीत, त्यांची समजूत काढली. ख्राइस्टचर्चच्या तीन फार्मसींत अर्ज केले. अर्धवट काही सांगायचं नाही, न्यायचं ते पूर्ण ‘हो’ न्यायचं, असं तिनं ठरवलं होतं. तोवर ताटलीही तिनं स्वतःकडेच ठेवली. कुशलनंही पुन्हा विचारलं नाही. किती समजूतदार आहे, असं तिला वाटलं. वेडी कुठली!

नोव्हेंबरात कांचननं त्याच बोटीवर कुशलचा निरोपसमारंभ ठेवला. नेमकं त्याच आठवड्यात अबोलीच्या हाती ख्राइस्टचर्चच्या नोकरीचं पत्र आलं. तिनं दुधाच्या पावडरीचे पेढे वळले, प्रत्येकावर केशराची काडी ठेवली आणि ते त्याच्याच ताटलीत मांडले.

वरच्या डेकवर, कठड्याशी, तिनं ताटली त्याच्या हातात दिली. त्यानं वरचं प्लास्टिक उचललं आणि त्याचा चेहरा कसनुसा झाला.

“पेढे! म्हणजे तुला कळलं तर. कांचननं सांगितलं?”

“काय?”

“माझं... ठरल्याचं.” तो पाण्याकडे बघत म्हणाला. “कराडची आहे. संपदा. रविवारी सुपारी फोडली. मी व्हिडिओवर होतो.”

अबोलीला बोटीचं इंजिन ऐकू येईना. तेवढ्यात कांचन जिना चढून आली.

“अय्या, पेढे! कुशलचे ना? अबोली, यू आर सो स्वीट! अरे या सगळे, कुशलचे पेढे!”

सगळे आले. अबोलीनं स्वतःच्या लग्नाचे म्हणून वळलेले पेढे त्याच्या लग्नाचे म्हणून वाटले. “एकेकच घ्या हं,” असंही म्हणाली, हसूनसुद्धा. आत सगळं ढासळत होतं. कुणीतरी आपल्याला घरी न्यावं, अंगावर पांघरूण घालावं आणि वर्षभर उठवू नये, असं तिला वाटत होतं.

मंडळी खाली चहाला गेली. ताटलीत दोन पेढे उरले.

“तुला माहीत नव्हतं,” कुशल हळूच म्हणाला. “मग हे पेढे कसले?”

“माझ्या नोकरीचे.”

“अरे वा! कुठे?”

वेलिंग्टन म्हणता आलं असतं. टौरंगा म्हणता आलं असतं. तिला खोटं सुचलंच नाही.

“ख्राइस्टचर्चला.”

तो तिच्याकडे वळला. पाण्यावर बारीक पावसाचे ठिपके पडायला लागले होते.

“पण तू तर... ‘बघू’ म्हणाली होतीस.”

“हो. मग बघितलं ना! बाबांचं बघितलं, नोकरीचं बघितलं...”

“आमच्या घरी बाबा ‘बघू’ म्हणाले की विषय संपला, अबोली. सायकल बघू, सहल बघू... कधी काही आलं नाही. तोंडावर ‘नाही’ म्हणवत नाही, म्हणून ‘बघू’ म्हणायचं. मला वाटलं, मला लागू नये म्हणून तू...”

“आमच्याकडे ‘बघू’ म्हणजे ‘हो’ असतं रे. थोडं उशिरा मिळतं, एवढंच. माझी सायकल तशीच आली.”

“आणि ताटली? ती पण परत दिली नाहीस.”

“याच्यासाठी ठेवली होती.”

त्यानं कठडा घट्ट धरला. बोटं पांढरी पडली होती. ती बोटं आपल्या हातात घ्यावीत, असं तिला वाटलं... नाही घेतली.

“आता काही...” तिचं वाक्य तुटलं.

“संपदानं नोकरीचा राजीनामा दिलाय गं. फार आशेनं बोलते. काल विचारत होती, तिकडं स्टीलची भांडी मिळतात का, की इथूनच आणू?”

अबोलीनं पुढे काही विचारलं नाही. बोट वळली. जाताना दिसलेले पूल परत येताना पुन्हा एकेक करून दिसले. तेच विलो, तेच पाणी. दोघं हातभर अंतरावर उभे राहिले आणि भिजले.

धक्का जवळ आला तसा तो ताटली घेऊन खाली गेला. उरलेले दोन्ही पेढे त्यानं तिथंच उभ्या उभ्या खाल्ले, डोळे मिटून. ताटली नळाखाली धुतली, एकदा, दोनदा. मग चहाच्या टेबलापाशी घुटमळला. अबोली जिन्यातून बघत होती. तो ताटली घेऊन तिच्यापाशी आला.

“ही तुझ्याकडेच राहू दे.”

ताटलीत साखरेच्या दोन पुड्या होत्या, बोटीवरच्याच, कागदी.

“रिकामी कशी देऊ?” तो म्हणाला. “अबोली, माझ्यामुळे नोकरी सोडू नकोस. चांगली आहे... येशील ना ख्राइस्टचर्चला?”

तिनं ताटली पदराआड धरावी तशी जॅकेटच्या आत, छातीशी धरली.

“बघू,” ती म्हणाली.

या वेळी दोघांनाही त्या शब्दाचा एकच अर्थ कळला, कुशलच्या घरचा.