आनंदरावांच्या पेटीतली ओली वात

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण लाखनीला जाल तर ती पेटी अजून अंगणात उभी दिसेल. ज्या बाईवर हे बेतलं ती माझी सख्खी आत्या, सुलोचनाबाई. उगाच भिणाऱ्यातली ती नव्हे.

साल १९८३. एप्रिल महिना. वेळ भर दुपारची.

हो, दुपारचीच. असल्या गोष्टींना रात्रच लागते असं कोणी सांगितलं?

आत्याचे यजमान आनंदराव. हायवेवर कापडाचं दुकान, पण जीव सगळा हवामानात. अंगणात पाऊस मोजायचं नळकांडं, कवेलूच्या छपरावर वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा बाण, अन् चार पायांवर उभी, फटीफटीची पांढरी लाकडी पेटी. पेटीत दोन थर्मामीटर. एक कोरडं. दुसऱ्याच्या फुग्याला कापडाची वात गुंडाळलेली, वातीचं टोक खाली पाण्याच्या बाटलीत. दोन पाऱ्यांत फरक किती, त्यावरून हवेतला ओलावा कळतो. वात वाळली की दोन्ही पारे सारखे. मग मोजून उपयोग काय?

वात ओली ठेवायचं काम आनंदरावांच्या पहिल्या बायकोचं होतं. पुष्पाबाईचं. वातही तिच्याच जुन्या पातळाची. ती तापाने गेली, अन् मग आत्या त्या घरात आली.

पहिल्याच आठवड्यात आनंदराव म्हणाले, "बाकी घर तुयं. फक्त पेटीतल्या बाटलीत रोज पाणी टाकत जा. पुष्पा कधी चुकली नाई."

झालं. आत्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

सवत जिवंत असती तर भांडता आलं असतं. मेलेलीचं काय करता? तिने ठरवलं, थेंबभर पाणी टाकणार नाही. वाळू दे वात. चुकू दे आकडा.

संध्याकाळी आनंदराव दुकानातून आले. पेटी उघडली. आत्या चुलीपाशी कान देऊन बसली होती.

"शाबास," ते म्हणाले. "पुष्पासारखीच ओली ठेवली."

आत्याने पाणी टाकलंच नव्हतं...

तिला वाटलं, शेजारची गीताबाई येऊन टाकून जात असेल. पुष्पाची मैत्रीण ना ती. दुसऱ्या दिवशी आनंदराव दुकानात गेले तशी आत्याने अंगणाच्या फाटकाला कडी घातली. बाटली उपडी केली. फडक्याने आतून पुसली. अन् दारात सूप घेऊन तांदूळ निवडत बसली. नजर पेटीवर.

ऊन असं की अंगणात कावळा नाही. रस्त्यावरचे ट्रकही थांबलेले.

मग आवाज आला.

टप्...

टप्...

पेटीतून.

आत्या उठली. पेटीचं दार उघडलं.

बाटली अर्धी भरली होती. अन् तिच्या डोळ्यांदेखत पाणी वर चढत होतं... वरून धार नाही, हात नाही, कोणी नाही. फक्त पाणी.

दुसरी बाई असती तर किंचाळत पळाली असती. आत्याला भीती वाटली, पण त्याहून जास्त राग आला. तिने वात ओरबाडून काढली अन् चुलीत टाकली. वात जळेना. नुसता धूर झाला. आत्याने रॉकेल ओतलं तेव्हा कुठे राख झाली. मग तिने आपल्या लुगड्याची पट्टी फाडून पेटीत लावली, स्वतःच्या हाताने भिजवली.

सकाळी पाहिलं तर तिची पट्टी पेटीखाली मातीत पडलेली. कडक वाळलेली.

आत पुष्पाबाईच्या पातळाची वात होती... ओलीचिंब.

आत्या तशीच घरात गेली. आनंदराव दाढी करत होते.

"अजी, खरं सांगा. वात तुमी भिजवता?"

"मी? काहून वो? तूच त भिजवते. मी दुकानात रायतो."

आत्याच्या तोंडाशी शब्द आला होता. मग तिने त्यांच्याकडे पाहिलं. अर्ध्या तोंडाला साबण, अन् तिच्यावर खूश होऊन हसणारा माणूस.

"हो," ती म्हणाली. "मीच भिजवतो."

त्यानंतर ते रोज संध्याकाळी तिला शाबासकी देत. ती गपगुमान घेई, अन् रात्री उशीत तोंड खुपसून जळत राही. परक्या बाईच्या कामाची शाबासकी.

एकोणनव्वदच्या मे महिन्यात आनंदराव दुकानातच गेले. गल्ल्यावर बसल्या बसल्या.

निरोप यायच्या आधी आत्याला कळलं होतं. अंगणातला रोजचा टप्-टप् आवाज बंद झाला होता. तिने पेटी उघडली. बाटली कोरडी. वात वाळून काडी झालेली. दोन्ही पारे एका रेघेवर.

"शेवटी घेऊनच गेली," आत्या म्हणाली.

आता ती रोज स्वतः पाणी टाकते. बाटली भरलेली असते, पण वात काही केल्या ओली होत नाही.

हे सगळं तिने मला मागच्या दिवाळीत सांगितलं. मी विचारलं, "आत्या, फुफाजीले कधीच काहून नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं त ते त्या पेटीपाशीच बसून रायले असते," ती म्हणाली. "मंग मी कोणापाशी बसली असती?"

त्या घरी मी आता मुक्काम करत नाही. दिवसा जातो, चहा घेतो, अन् पेटीकडे पाठ करून बसतो.