निजल्या माणसाचं माप

रिठदचा रामकिसन सुतार हाताचा कसबी होता, पण भलता हट्टी. अकोल्याला दोन वर्षं सुतारकाम शिकून आल्यापासून फूटपट्टी सांगेल ते खरं, बाकीच्या सगळ्या बायकांच्या गोष्टी, असा त्याचा खाक्या. बायको मनकर्णाबाई म्हणायची, "ह्यायले देव भेटला तरी पयले त्याची उंची मोजतीन." रामकिसन हसायचा. मोजलीच असती त्यानं.

एकोणीसशे चोपन्नचा चैत्र. गावात लोखंडी खाटा नुकत्याच यायला लागल्या होत्या, आणि त्याच वेळी रामकिसननं आज्याच्या जुन्या पद्धतीचा सागवानी पलंग करायला घेतला. पायांना कमळाच्या कळ्या, उशाकडच्या फळीवर समोरासमोर दोन राघू, आणि अख्ख्या पलंगात एकही खिळा नाही. हे सगळं थोरल्या बहिणीसाठी, प्रयागबाईसाठी. सगळं घर तिला बाई म्हणायचं. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी कुंकू पुसून ती माहेरी आली, त्याच साली आई गेली, आणि सव्वा वर्षाच्या रामकिसनला तिनंच वाढवलं. तेव्हापासून ती जमिनीवर घोंगडीवर निजत होती. आता तिचे गुडघे धरले होते. सकाळी उठताना भिंतीला धरून ती इतका वेळ लावायची की रामकिसनला ते बघवायचं नाही. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, तिला पलंगावर बसवायचं, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं.

अडचण एवढीच होती की तिला विचारायची सोय नव्हती. "मी बिनकुंकवाची बाई, मले कायले पलंग रे?" म्हणून तिनं मोडता घातला असता. म्हणून एका दुपारी बाई ओसरीवर निजलेली असताना रामकिसन सुतळी घेऊन पाऊल न वाजवता गेला. डोक्यापासून टाचेपर्यंत सुतळी धरली, दोन्ही टोकांना गाठी मारल्या आणि परत फिरला.

आपण काय केलं हे त्याला ठाऊक होतं, बरं का. बाप शिकवून गेला होता, "पलंगाचं माप उभ्या माणसाचं घ्या लागते बापू. निजल्या माणसाचं माप एकदाच घेतात, तिरडीसाठी." ते शब्द त्याला आपल्या सुतारकामाच्या कारखान्याच्या दारात आठवलेही. पण सुतळीला काय कळतं, माणूस कशासाठी निजलंय ते! चार फूट अकरा इंच. त्यानं भिंतीवर खडूनं आकडा लिहिला आणि सुतळी खुंटीला अडकवली.

दुसऱ्या दिवशी लांबीच्या दोन्ही दांड्या कापायच्या आधी त्यानं पुन्हा सुतळी मोजली. पाच फूट भरली.

सुतळी ताणली जाते. त्यात नवल ते काय? त्यानं ती भिजवली, वाळवली, दगड बांधून लोंबकळत ठेवली. त्याच गुंड्यातली दुसरी सुतळी चार फूट अकरावर कापून शेजारी टांगली. सकाळी दुसरी सुतळी होती तेवढीच होती. बाईच्या मापाची मात्र पाच फूट एक इंच झाली होती. गाठी तशाच घट्ट. धागा कुठं सैल नाही की पातळ नाही.

त्यानं फूटपट्टी तीनदा लावून पाहिली. मग ती मनकर्णाला दिली आणि तिलाही मोजायला लावलं.

"पाच अन् एक," ती म्हणाली. "काहून? कायचं माप हाय हे?"

"लाकडाचं," रामकिसन म्हणाला. बायकोशी तो सहसा खोटं बोलत नसे.

इकडे बाईची झोप उडाली ती त्याच दुपारपासून. पहिल्या दिवशी तिनं दोष उकाड्याला दिला, दुसऱ्या दिवशी ढेकणांना. तिसऱ्या दिवशी ती ओसरीवरून उठून अंगणात गेली, अंगणातून गोठ्यात, गोठ्यातून परत ओसरीवर. घोंगडी काखेत, आणि ही आपली घरभर जागा शोधत हिंडतेय.

"काय झालं बाई?"

"निजाले जागा पुरत नाई रे," ती म्हणाली. "आंग टाकलं का पाय भितीले लागतेत."

ओसरी चांगली पंधरा फूट लांब होती. रामकिसननं एरवीसारखं ते हसून उडवून लावायला पाहिजे होतं, पण त्याला हसू आलं नाही. "उभी राय बरं जराशी," म्हणून त्यानं तिला दाराच्या चौकटीला टेकवलं आणि पट्टी लावली. चार फूट अकरा. केसभर इकडे नाही की तिकडे नाही.

"दिसते न तुले? हाय तेवढीच हायेस तू."

"उभी हावो तवा हावो मी," बाई म्हणाली. "आडवी झाली का नाई."

आठवडाभरात तिचे डोळे खोल गेले. जेवायला बसली की घास हातातच राहायचा. दिवसभर तिच्या पावलांचा आवाज घरात फिरत असायचा, आणि रामकिसनला कारखान्यात तो ऐकू यायचा, रंध्याच्या आवाजातूनही. सुतळी रोज इंचभर वाढत होती. तो पटाशी घेऊन राघूची चोच कोरायला बसायचा, पण लक्ष खुंटीकडे. माझ्या हातानं मी बाईला मारतोय, असं एकदा त्याच्या मनात आलं आणि मग ते जाईचना. त्यानं सुतळी चुलीत टाकली. सकाळी ती खुंटीवर होती. मनकर्णानं उचलून ठेवली असेल म्हणावं, तर मनकर्णाला सुतळीला शिवायचीही भीती वाटत होती आता.

पाच फूट सात इंचांवर सुतळी थांबली.

एक दिवस थांबली. दोन दिवस थांबली. रामकिसनला हायसं वाटलं आणि त्यानं त्याच मापावर दांड्या कापून पलंग जोडून काढला. दांड्यांच्या टोकांच्या कुसा पायांच्या भोकांत ठोकून बसवल्या, जवसाच्या तेलाचा हात फिरवला. लाकूड मधासारखं दिसायला लागलं. पण बाई अजून हिंडतच होती. तिला आता चालताना भिंत धरावी लागत होती, तरी ती बसेना.

तिसऱ्या दुपारी रामकिसन खुंटीखाली उभा राहिला. सुतळीचं खालचं टोक जमिनीला टेकत होतं. तो सहज तिच्याशी लागून उभा राहिला, आणि वरची गाठ त्याच्या टाळूवर आली.

अकोल्याच्या शाळेत भरती होताना त्याची उंची लिहून घेतली होती. त्याला ती आठवली.

घरातून बाईची पावलं ऐकू येत होती. ओसरी, अंगण, गोठा. ओसरी, अंगण, गोठा.

मग त्यानं कारखान्याचं दार लोटून घेतलं. डोक्यावरची टोपी काढून रंध्याशेजारी ठेवली. नव्या पलंगावर चढून उताणा निजला आणि सुतळी स्वतःच्या अंगावरून डोक्यापासून टाचेपर्यंत धरली.

"बाईचं माप मोड," तो म्हणाला. "माझं घे."

कोणाशी बोललो, याची त्याला लाज वाटली.

काही झालं नाही. पत्र्यावर ऊन तडतडत होतं. त्याचा डोळा लागला की नाही, हे त्याला नीट सांगता आलं नसतं. उठला तेव्हा उन्हं कलली होती. सुतळी हातात नव्हती. त्यानं पलंगाखाली पाहिलं, भुशात पाहिलं. कुठंच नव्हती.

घरात पावलांचा आवाज नव्हता.

तो धावतच गेला. बाई उंबऱ्याशीच कलंडली होती. घोंगडी अंथरायचंही तिला भान राहिलं नव्हतं. रामकिसननं तिच्या नाकाशी बोट धरलं. श्वास ऊन होता. आणि मग बाई घोरली, चांगली मोठ्यानं, पहिल्यासारखी.

रामकिसन तिच्या पायाशी बसला आणि रडला. लहानपणी तिच्या पदरात तोंड खुपसून रडायचा तसा. मनकर्णा म्हणाली, "हळू. उठतीन त्या." तिच्याही डोळ्यांत पाणी होतं.

अंगणात काहीतरी ठेवल्याचा आवाज झाला.

शेजारची चतुराबाई होती. तिनं भिंतीशी दोन गोवऱ्या ठेवल्या, पदर तोंडाला लावला आणि गुपचूप बाजूला उभी राहिली. तिच्या मागून गल्लीतलाच गोविंदसिंग आला, दोन गोवऱ्या घेऊन. मग कमलीबाई. कोणी मरण पावलं की घरच्या माणसानं उघड्या डोक्यानं दारोदार जाऊन उभं राहायचं, आणि सरणासाठी घरटी दोन गोवऱ्या द्यायच्या, अशी गावची रीत.

"आवो, काय हे?" रामकिसन दारात येऊन ओरडला. "बाई निजली हाय. निजली हाय नुसती!"

कमलीबाईनं आपल्या दोन गोवऱ्या भिंतीशी ठेवल्या. तेवढ्यात तांड्यावरचा रूपला बैलगाडी घेऊन आला. रामकिसनला सागाचं लाकूड तोच आणून द्यायचा. गाडी बाहेर सोडून, पागोटं हातात घेऊन तो आत आला.

"रूपला, तुले कोनं सांगतलं रे?"

रूपलानं त्याच्याकडे चमकून पाहिलं.

"तुमीच त आले होते. दुपारी. सगळ्यायच्या दारी गेले न तुमी."

"काय म्हनलो मी?"

"काई नाई. उघड्या डोक्यानं उभे राह्यले, अन् गेले."

रामकिसनचा हात डोक्याकडे गेला. टोपी नव्हती. अंगणात गोवऱ्या वाढत होत्या. आलेल्यांपैकी कोणीही घरात डोकावत नव्हतं, बाईची चौकशी करत नव्हतं.

रूपलानं कमरेची कुऱ्हाड काढली.

"तिरडीले बांबू कितीचा तोडू?" त्यानं हळूच विचारलं.

आत बाई घोरत होती. किती दिवसांनी इतकी गाढ झोप लागली होती तिला.

"पाच फूट सात इंच," रामकिसन म्हणाला.