पंप बंद असताना

सोमवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी मिठबावात वीज आली. वाऱ्याने खांब पाडल्याला एकसष्ट तास झाले होते. वेरोनिका फर्नांडिस यांच्या पुढच्या खोलीतल्या काचेच्या टाकीत अकरा प्रवाळ होते. अकराही जिवंत होते.

हे शक्य नव्हतं. म्हणून मी, तालुक्याचा वार्ताहर, नऊ वाजता तिथे पोचलो.

वेरोनिकाबाई रसायनशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका. होड्यांचे नांगर लागून तुटलेले प्रवाळाचे तुकडे त्या सरकारच्या लेखी परवानगीने घरी जगवतात. येत्या शुक्रवारी ओरोसच्या जिल्हा कार्यालयातून तपासणी येणार होती. एक जरी तुकडा मेला असता, तरी टाकी जप्त होणार होती.

चार वर्षं त्या रोज पाणी तपासत आल्या आहेत. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. म्हणून रोज दोन लिटर गोडं पाणी घालायचं. पंपाने पाणी हलतं ठेवायचं. ते थांबलं की प्रवाळ काही तासांत गुदमरतात. घरातली बॅटरी पहिल्याच संध्याकाळी संपली होती.

"मीठ हजारी पस्तीस, तापमान सव्वीस, हवं तेवढंच," बाई म्हणाल्या. "तीन दिवस पाणी घातलं नाही, तरी थेंबभरही कमी नाही."

त्यांचा दीर मॅक्सवेल पर्यटकांना बुडी मारायला नेतो. तो दाराला टेकून उभा होता.

"वयनी, ह्यांचा सार कधी करतंस? माका बोलव."

"आधी तुझा करीन."

पंप बंदच होता. तरीही प्रवाळांची बारीक बोटं एकदम डावीकडे झुकत, थांबत, उजवीकडे झुकत. मी घड्याळ लावलं. दर अकरा सेकंदांनी. बाईंनीही ते पाहिलं होतं. पंप त्यांनी मुद्दामच लावला नव्हता.

निघताना भिंतीवरची रेघ दिसली. पांढरी, पेन्सिलीएवढी बारीक, चारही भिंतींवर सरळ. बोट लावून चाखलं. मीठ. जमिनीपासून एकोणीस इंच. खाली रचलेली वर्तमानपत्रं कोरडी होती.

"ओल असेल," बाई म्हणाल्या.

ओल इतकी सरळ चढत नाही.

बुधवारी रेघ एकतीस इंचांवर होती. आतल्या खोलीतही होती, बाईंच्या खाटेच्या वर. चादर कोरडी, इस्त्रीची घडी न मोडलेली. टाकीत तीन प्रवाळांना नवी टोकं फुटली होती.

शुक्रवारी अकरा वाजता दोन अधिकारी आले. त्यांनी पाणी दोनदा तपासलं.

"मॅडम, इतकं स्थिर पाणी आमच्याकडेही राहत नाही."

परवानगी एक वर्षाने वाढली. वाडीतली माणसं अंगणात जमली, गुळाचं खाजं वाटलं गेलं. बाई पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या. धाकट्या अधिकाऱ्याने जाता जाता छातीएवढ्या उंचीवरच्या रेघेवरून हात फिरवला. "भिंतींना रंग देऊन घ्या," तो म्हणाला.

शनिवारी सकाळी सात वाजता मॅक्सवेलचा फोन आला.

त्याचं घर बाईंच्या घराच्या वर, चढावर आहे. तिथे चारही भिंतींवर रेघ होती. जमिनीपासून चार बोटं.

वाडीतला सत्यवान गवंडी पातळी बघायला पारदर्शक नळीत पाणी भरून घेऊन आला. एक टोक त्याने बाईंच्या रेघेला धरलं, दुसरं वर नेऊन मॅक्सवेलच्या रेघेला.

दोन्हीकडे पाणी रेघेवरच थांबलं. दोन्ही रेघा एकाच पातळीत होत्या.

सत्यवानाने नळी गुंडाळली. मजुरी मागितली नाही.

"वयनी, टाकी दर्यात नेऊन सोड," मॅक्सवेल म्हणाला.

"मिया कायच करूक नाय रे. पंप बंदच आसा."

"माझी चेडवां जमनीर निजतत गो."

बाई टाकीकडे बघत राहिल्या. टाकी अजून तिथेच आहे.

मॅक्सवेलच्या दोन्ही मुली ओट्यावर बसल्या होत्या. झोप कशी लागली, असं मी विचारलं. बरी लागली, म्हणाल्या. कपडे कोरडे होते, केस कोरडे होते.

दोघींच्या पापण्या मिठाने पांढऱ्या होत्या.